पाहुणीच्या अंथरुणातली पिशवी

मी एक जुनी रबरी पिशवी आहे मित्रांनो, गरम पाणी भरायची. कारखान्यातल्या साच्यातून माझ्यासारख्या शेकडो बहिणी बाहेर पडल्या, पण अंगरखा मिळाला तो मला. आमच्या घरच्या सूनबाई शिवणकाम करतात. त्यांनी सासऱ्यांच्या, म्हणजे आजोबांच्या, निळ्या स्वेटरच्या बाह्या कापल्या आणि एका बाहीतून माझा अंगरखा शिवला, वर दोन बटणंही लावली. आजोबा तो बिनबाह्यांचा स्वेटर घरात घालतात. तेव्हापासून मी जरा तोऱ्यातच असते.

माझं काम साधं. संध्याकाळी पोटात गरम पाणी घ्यायचं आणि पांघरुणात शिरायचं. पाणी पोटात गेलं की मला डुलकी लागते. त्या डुलकीत सगळं घर दुरून ऐकू येतं, शिवणयंत्राची घरघर, आजोबांचं खोकणं, ज्याच्या कुशीत असेन त्याच्या छातीची धडधड. निम्मं आयुष्य मी असंच अर्ध्या झोपेत काढलं.

एका नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे एक मुलगी राहायला आली. दूर देशातून शिकायला आलेली. वसतिगृहातल्या मुली आपापल्या घरी गेल्या, हिचं घर मात्र समुद्रापार. म्हणून कॉलेजने तिची सोय आमच्याकडे केली. घरात माणसं दोनच, सूनबाई आणि आजोबा. आजोबांचा मुलगा, म्हणजे सूनबाईंचा नवरा, बोटीवर कामाला, तो उन्हाळ्यातच उगवायचा. आजोबांनी जन्मभर ट्राम चालवली होती आणि त्यात त्यांचे गुडघे कामातून गेले होते.

मुलगी गुणी, पण भिडस्त. भूक नाही, थंडी नाही, काही नको, एवढंच तिच्या तोंडी. विचारलं तर ही नकोच म्हणणार, हे सूनबाईंनी ओळखलं आणि पहिल्याच संध्याकाळी मला गुपचूप तिच्या अंथरुणात ठेवलं.

मुलीने पांघरुणात हात घातला आणि दचकून मागे सरली. तिला वाटलं, मांजरच आहे. मग हळूच टोक उचलून तिने मला पाहिलं, माझा निळा अंगरखा पाहिला आणि स्वतःशीच हसली.

"आजोबांची शेकायची पिशवी," ती पुटपुटली. "काकू इथे विसरल्या वाटतं."

तिचं तरी काय चुकलं? तिच्या देशात थंडी बेताची. तिथे आमच्या जातीच्या पिशव्या कुणाचं पोट नाहीतर कंबर दुखली तरच कपाटातून निघतात. धडधाकट माणसाच्या अंथरुणात पिशवी कशाला असेल? तिने मला उचललं, खिडकीजवळच्या खुर्चीत पेंगणाऱ्या आजोबांच्या गुडघ्यांवर ठेवलं, वरून शाल सारखी केली आणि स्वतः कोट घालून झोपली. मला ओरडून सांगायचं होतं, अगं, मी तुझ्यासाठीच आहे. पण मला तोंड असलं तरी त्याला बूच.

मग रोज तेच सुरू झालं. आजोबा खुर्चीतच झोपायचे, आणि पहाटे ते जागे व्हायच्या आत मुलगी मला रिकामी करून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगायची. आजोबा म्हणायचे, "सूनबाई, आताशा गुडघ्यांना फार बरं वाटतं हो." सूनबाईंना वाटायचं, मलम लागू पडलं. मुलगी फोनवर आईला सांगायची, "मी मजेत आहे गं," आणि तिचे दात वाजत असायचे. तिचा उतरलेला चेहरा पाहून सूनबाई खट्टू व्हायच्या. पोरीचं मन इथे रमत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं. सगळं मला कळत होतं आणि काही करता येत नव्हतं.

नाताळ दोन दिवसांवर आला आणि मुलीने बॅग भरली.

"काकू, मी उद्या वसतिगृहात परत जाते. अभ्यास राहिलाय."

अभ्यास कसला! थंडीने झोप नव्हती, आणि जास्तीचं पांघरूण मागायचं तर भीड. सूनबाईंना वाटलं, मन रमत नाही म्हणूनच ही निघाली. पण संध्याकाळी त्यांनी मला नेहमीसारखं भरलं, आणि मुलगी मला नेहमीसारखीच घेऊन निघाली. त्या दिवशी आजोबा जागे होते.

"ही घेऊन कुठे निघालीस?"

"तुमचीच आहे ना? काकू रोज माझ्या खोलीत विसरतात."

आजोबांनी शालीखालच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग तिच्या अंगातल्या कोटाकडे. "सूनबाई, जरा इकडे ये गं."

सूनबाई हातातल्या सुईसकट आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "विसरते कशी? हिच्यासाठीच ठेवते मी."

"पण मी आजारी नाहीये," मुलगी म्हणाली.

"ऊब घ्यायला आजारी कशाला पडायला हवं, बाळा?"

मुलीने मला छातीशी घट्ट धरलं आणि ती रडायला लागली. आल्यापासून पहिल्यांदाच. भरलेली बॅग दुसऱ्या दिवशी रिकामी झाली. आजोबांसाठी नवी पिशवी आली, ती अजूनही माझ्याशी नवख्यासारखी वागते.

जायच्या आदल्या संध्याकाळी मुलगी स्वयंपाकघरात आली आणि सहज म्हणाली, "काकू, माझी पिशवी कुठंय?" सूनबाई पाठमोऱ्या होऊन पाणी तापवत राहिल्या. पाणी केव्हाच तापलं होतं.

त्याला बरीच वर्षं झाली. आता माझं रबर तडकलंय, पाणी भरलं तर गळतं. मित्रांनो, माझ्या बहिणी तुमच्या घरी असतील तर त्यांच्यात उकळतं पाणी ओतू नका, काम झालं की रिकाम्या करून उलट्या टांगा. आणि कुणासाठी ऊब ठेवलीत तर सोबत एक शब्दही ठेवा. आम्हाला तो बोलता येत नाही.

परवा सूनबाई आवराआवर करत होत्या. मी त्यांच्या हातात होते, कचऱ्याची टोपली समोर.

"टाकून देऊ ना ही?" त्यांनी विचारलं.

आजोबा खुर्चीतून म्हणाले, "ती आपली कुठंय? पोरीची आहे. तिला विचारल्याशिवाय कशी टाकायची?"

सूनबाईंनी मला परत खिळ्याला टांगलं.