परातीचा दिवा

बिरप्पा मोटार चालवतो हे त्याच्या गावी पुष्कळ दिवस कुणाला खरं वाटलं नव्हतं. सांगोल्याकडच्या त्या धनगराच्या घरात सगळ्यांचा जन्म मेंढरांमागं पायी हिंडण्यात गेलेला. बिरप्पा मात्र एका दुष्काळात सोलापूरला आला, गिरणीतल्या साहेबाच्या मोटारी धुवायला लागला आणि धुता धुता चालवायला शिकला. एकोणीसशे एकोणतीस साली तो भवानी पेठेतल्या संगप्पांच्या गाडीवर होता. संगप्पा लिंगायत व्यापारी, भुईमुगाच्या शेंगांचा मोठा धंदा. खरेदीसाठी त्यांना अक्कलकोट, दुधनीकडं सारखं जावं लागायचं, म्हणून त्यांनी एका बदली झालेल्या साहेबाची जुनी मोटार घेतली होती.

गाडी जुनी असली तरी गुणाची होती. तिचे पुढचे दोन दिवे कार्बाइडच्या गॅसवर जळायचे. डब्यातल्या खड्यांवर थेंब थेंब पाणी सोडायचं, गॅस झाला की काडी लावायची. वास यायचा, पण उजेड पांढरा आणि चांगला पडायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर बिरप्पाला वाटायला लागलं की दिवे मंदावलेत. दिवसा त्याला कसली अडचण नव्हती. पण सूर्य टेकला की रस्ता जणू कुणीतरी पुसून टाकायचं. त्यानं आधी खडे बदलले. मग गॅस येतो ती नळी तारेनं खरवडून साफ केली. तरी उजेड वाढेना. एका रविवारी तो दोन्ही दिवे खोलून घरी घेऊन आला.

घर म्हणजे भवानी पेठेतल्याच एका चाळीतल्या दोन खोल्या. बायको गोजाबाई आणि लहानगी बाळाबाई. गोजाबाईनं चिंच आणि राख घेऊन दिव्यांच्या आतले पितळी वाडगे घासले. बिरप्पानं कल्हईवाल्याला बोलावून त्यांना आतून कल्हई करून घेतली. वाडगे आरशासारखे झाले. बाळाबाई त्यात तोंड वेडंवाकडं करून हसत बसली.

"आता लख्ख पडंल की," गोजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिरप्पा घरी आला. जेवताना म्हणाला, "काय फरक न्हाय. ह्या गॅसातच दम न्हाय. विजेचं बसवाय पायजेत."

सोलापुरात तंबूतला सिनेमा आला होता, त्याच्या इंजिनावर जोतीराम नावाचा ओळखीचा माणूस होता. त्याच्याकडून बिरप्पानं विजेचे गोळे आणि एक वापरलेली बॅटरी मिळवली. लाकडाच्या पेटीत बॅटरी बसवून ती गाडीच्या पायरीवर आवळली. सिनेमाच्या इंजिनावर ती भरून घ्यायची सोय झाली. गॅसची नळी काढून त्याच भोकातून तारा आत घेतल्या आणि जुन्या दिव्यांत गोळे बसवले. संगप्पांना ही खटपट पसंत पडली. "करून बघ की," एवढंच ते म्हणाले. बिरप्पाच्या हातावर त्यांचा भरवसा होता.

विजेच्या दिव्यांनीही बिरप्पाचं समाधान झालं नाही. त्यानं ठरवलं की मधोमध तिसरा दिवा लावायचा, या दोन्हींपेक्षा मोठा. त्यासाठी रुंद तोंडाचा पितळी वाडगा हवा होता. घरात पितळेची मोठी वस्तू एकच होती, गोजाबाईची लग्नातली परात.

तो मागायला कचरत होता. दोनदा परातीकडं बघून बाहेर गेला. शेवटी गोजाबाईनंच ती उचलून त्याच्या पुढं ठेवली.

"न्या. पीठ काय लाकडाच्या काटवटीत बी मळता येतंय."

तांबटानं ती परात ठोकून ठोकून खोल केली. कल्हई झाली, मधे गोळा बसला, वर काच आली. दिवेलागणीला बिरप्पानं तो दिवा ओट्यावर ठेवून बॅटरीला जोडला. समोरच्या भिंतीवर असा झोत पडला की चाळीतली माणसं बाहेर आली. शेजारच्या विणकराच्या बायकोनं डोळ्यांवर पदर ओढला. भिंतीतल्या विटांमधली मातीसुद्धा दिसत होती. बाळाबाई उजेडात हात नाचवून सावल्या करायला लागली.

बिरप्पा मात्र बाजूला उभा राहून मान हलवत होता. "भिंत तेवढी दिसती. बाजूचं काय दिसंना. अजून कमी पडतंय."

गोजाबाईनं भिंतीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. झोताच्या कडेला, बिरप्पापासून दोन हातांवर, पाण्याची घागर होती. ती सगळ्यांना दिसत होती. तो मागं वळला आणि सरळ तिच्यावर आपटला. पाणी सांडलं. तो खाली वाकून हातांनी चाचपायला लागला.

आत आल्यावर ती हळूच म्हणाली, "दिव्यांचं काय बिघडलं न्हाय. तुमी डोळं दावा कुणाला तरी."

"माझ्या डोळ्यांस्नी काय झालंय?" बिरप्पाचा आवाज चढला. "दिसा लांबची चिमणी दिसती मला. गाडीतलं तुला काय कळतंय?"

 त्या दिवसापासून दिवेलागणीला गोजाबाई घागर, पाट, पोरीची खेळणी सगळं भिंतीला लावून ठेवायला लागली. बिरप्पाच्या ते लक्षात आलं होतं. त्याला राग यायचा तो त्याचाच. मनातल्या मनात त्यालाही भीती होती. ड्रायव्हरचे डोळे गेले तर पुढं काय, याचा विचार सुरू झाला की तो उठून गाडीचे दिवे पुसायला जायचा.

पौष महिन्यात संगप्पा आणि त्यांची बायको रत्नम्मा अक्कलकोटला एका नातलगाच्या लग्नाला गेले. दुपारीच परत निघायचं ठरलं होतं, पण जेवणावळी लांबल्या आणि परत फिरायला सूर्य मावळला. बिरप्पानं तिन्ही दिवे लावले. संगप्पा आणि रत्नम्मा मागं बसले होते. लग्नाच्या गोष्टी चालल्या होत्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत.

वळसंगाच्या अलीकडं रस्ता जरा वाकतो. बिरप्पा अंदाजानं चालला होता. त्याला पुढं पांढुरक्या धुक्यासारखं काहीतरी दिसत होतं, त्यापलीकडं काही नाही. एकाएकी रत्नम्मानं मागून त्याचा खांदा धरला.

"बिरप्पा, गाडी!"

त्यानं जीव खाऊन ब्रेक दाबला. मोटार करकरत थांबली. शेंगांची पोती भरलेली एक बैलगाडी अगदी समोर होती. डोळ्यांवर झोत आल्यामुळं बैल बिथरले, एकानं जू ओढत बाजूला उडी घेतली आणि गाडीचं एक चाक रस्त्याकडेच्या चारीत उतरलं. दोन पोती खाली पडली. गाडीवान उडी मारून बैलांच्या तोंडाशी धावला आणि त्यांना चुचकारायला लागला.

थोड्या वेळानं तो डोळ्यांवर हात धरून मोटारीजवळ आला. ज्ञानबा त्याचं नाव, वयस्कर माणूस.

"दिवं इझवा की वो आदी. बैलांस्नी काय दिसंना, मला बी काय दिसंना. एवढा उजेड कशाला लावलाय?"

संगप्पाही उतरले होते. ते म्हणाले, "व्हय की बिरप्पा. मलाही वाटत होतं, उजेड जास्तच झालाय. समोरच्याला आंधळं करतोय हा."

बिरप्पा चाकावर हात ठेवून तसाच बसला होता.

"जास्त?" तो म्हणाला. "मालक, मला ती गाडी दिसलीच न्हाय."

"वळणावर होती म्हणून..."

"न्हाय. आता बी दिसत न्हाय. तुमी बोलताय ते ऐकू येतंय, तुमी कुटं हुबं हाय ते कळंना." त्यानं चाक घट्ट धरलं. "दिवाळीपास्नं असं हाय. अंधार पडला की मला दिसत न्हाय. मला वाटलं दिवंच बिघडलं. दिव्यांवर दिवं लावलं."

 बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. संगप्पांनी त्याच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला. बिरप्पाची नजर हलली नाही.

संगप्पा रागावले असते तरी बिरप्पाला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी धोतर खोचलं. "आधी या म्हाताऱ्याचं चाक काढू," ते म्हणाले. बिरप्पा, ज्ञानबा आणि ते, तिघांनी मिळून खांदे लावले. बिरप्पाला दिसत नव्हतं, पण अंगात ताकद होती. चाक वर आलं. पोती पुन्हा चढली. बैलांना इजा झाली नव्हती. ज्ञानबानं जाताना बिरप्पाच्या पाठीवर हात ठेवला. "व्हतंय की नीट," म्हणाला, "आमच्यात बी एकाला झालं हुतं."

आता प्रश्न घरी कसं जायचं हा होता. संगप्पांना मोटार चालवता येत नव्हती. ते बिरप्पाशेजारी पुढं येऊन बसले. मधला मोठा दिवा बंद केला आणि पायी चालणाऱ्याच्या वेगानं गाडी निघाली. संगप्पा रस्ता सांगायचे आणि बिरप्पा चाक फिरवायचा. सुरुवातीला ते मराठीत डावीकडं, उजवीकडं म्हणत होते. पुढं एक ओढा आला, त्यांची घाबरगुंडी उडाली आणि ते कानडीवर आले. "यडक्के! यडक्के बिरप्पा! आता बलक्के!" बिरप्पाला एवढी कानडी येत होती. मागून रत्नम्मा म्हणाली, "अहो, ओरडू नका, तो ऐकतोय." तिचं ते बोलणं ऐकून पहिल्यांदा संगप्पांना हसू आलं. बिरप्पाला हसू येत नव्हतं, पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

सकाळी संगप्पा स्वतः त्याला डॉक्टर विरुपाक्ष यांच्याकडं घेऊन गेले. गोजाबाईही मागून आली आणि दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी पापण्या वर करून डोळे पाहिले, दोन्ही डोळ्यांच्या पांढऱ्या भागावरचे फेसासारखे ठिपके पाहून स्वतःशीच मान हलवली आणि विचारलं, "जेवायला काय असतं?"

"भाकरी. चटणी. कवातरी आमटी."

"दूध, तूप?"

"सोडलंय."

"मटण? तुमच्यात तर चालतं."

"ते बी सोडलंय."

"का?"

बिरप्पानं गोजाबाईकडं पाहिलं. तीच बोलली. दोन वर्षांपूर्वी बाळाबाईला मुदतीचा ताप आला होता, पोर हाताला लागेल असं वाटत नव्हतं. तेव्हा बिरप्पानं बिरोबापुढं मटण, दूध आणि तूप सोडलं होतं. पोर बरी झाली. त्यानंतर त्यानं यातलं काही तोंडाला लावलं नव्हतं.

डॉक्टर खुर्चीत मागं टेकले. "मग बरोबर आहे. याला रातांधळेपणा म्हणतात. डोळा गेलेला नाही, बिरप्पा. त्याला खायला मिळत नाही, एवढंच."

"दिसंल का परत?"

"दिसेल. वेळेवर आलास. आणखी उशीर केला असतास तर मी असं म्हणालो नसतो."

 डॉक्टरांनी कपाटातून माशाच्या काळजाच्या तेलाची बाटली काढली. शेवग्याचा पाला रोज खा, पपई खा, असं सांगितलं. बिरप्पा बाटली हातात घेईना.

"माशाचं हाय ना हे," तो म्हणाला. "देवाला शब्द दिलाय मी."

डॉक्टर लिंगायत होते, स्वतः कधी अंडंही न खाल्लेले.  त्यांनी संगप्पांकडं पाहिलं, संगप्पांनी रत्नम्मा इथं हवी होती अशा चेहऱ्यानं दाराकडं पाहिलं. दारात गोजाबाई होती.

"तुमी मटण सोडलंय, दूध सोडलंय," ती म्हणाली. "दवा सोडतो असं कुटं म्हणला हुता? मी शेजारी हुबी हुते. मी ऐकलंय."

बिरप्पानं विचार केला. मग बाटली घेतली.

तेल भयंकर होतं. पहिला चमचा घेतल्यावर तो अंगणात जाऊन थुंकत बसला आणि गोजाबाईनं त्याच्या हातावर गूळ ठेवला. पाला मात्र त्यानं आवडीनं खाल्ला. संगप्पांनी त्याला कामावरून काढलं नाही. सूर्य मावळायच्या आत गाडी पेठेत आली पाहिजे, असा त्यांनी नेम केला आणि आपले सगळे व्यवहार सकाळचे ठेवले. मधला दिवा बिरप्पानं स्वतःच काढून टाकला. उरलेल्या दोन दिव्यांची तोंडं त्यानं रस्त्याकडं थोडी खाली वाकवली, समोरून येणाऱ्या बैलांच्या डोळ्यांत झोत जाऊ नये म्हणून.

बाटली अर्ध्याहून अधिक संपली होती तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. गोजाबाई चुलीपुढं बसली होती आणि बिरप्पा उंबऱ्यावर. बाहेर चांगलंच अंधारून आलं होतं. तो बराच वेळ समोरच्या घराच्या छपराकडं बघत होता.

"गोजा," त्यानं विचारलं, "त्या कौलावर मांजर बसलंय का?"

तिनं हातातलं सोडून दाराशी येऊन पाहिलं. "बसलंय की."

"काळं?"

"न्हाय. भुरं हाय."

"भुरंच हाय," बिरप्पा म्हणाला. "शेपटी खाली सोडलीया त्यानं. मी बघत हुतो, तू खरं सांगतीस का."

इतक्या दिवसांत गोजाबाई एकदाही रडली नव्हती. ती त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली.  आतून करपल्याचा वास आला तेव्हा तिनं डोळे पुसले आणि तव्यावरची भाकरी उलटायला आत गेली.