तिर्री, सासरे आणि पातेलंभर वाल

मी एक जुनी किलवरची तिर्री आहे. कोपरा दुमडलेला, अंगावर चहाचा डाग. आणि मित्रांनो, आज माझं डोकं भयंकर तापलंय!

छापखान्यातून मी राजा-राणीसोबतच निघाले, रोह्याच्या बाजारातून एकाच डब्यात वरसे गावातल्या या घरी आले. पण रमी असो की मेंढीकोट, आधी फेकतात ते मला. "च्यायला, परत तिर्री!" अरे, मी काय तुमचं घोडं मारलंय?

रविवारी इथे पोकर चालतो. पैसे नाहीत, सुके वाल लावायचे. एका वेळी एकच, वाढवलाच तर आणखी एकच; बाकीच्यांनी तेवढेच घालायचे, नाहीतर पानं टाकायची. शेवटी ज्याच्याकडे सगळ्यांत कमी उरतील, त्याने पातेलंभर मोडाचे वाल सोलायचे. दर वेळी सोलते सून, सरू. आज तिला माहेरी, कासूला जायचं होतं, आईच्या डोळ्याची पट्टी निघणार होती. हरली की गाडी चुकणार.

आधीच्या एका डावात तिच्याकडे लहान पानांची जोडी आली. ती पास म्हणाली, म्हणजे पानं हातात ठेवून वाल तेवढा लावला नाही. डावीकडच्या नवऱ्याने, प्रविणने, वाल लावला. मग नणंद दिशाने, मग सासरे हैबतरावांनी. त्यानंतर सरूने वाढवला. कप्पाळ! सगळ्यांचा एकेक आधीच आत, आणखी एकासाठी कोण मागे हटतंय? दिशा जिंकली.

शेवटच्या डावाला सरूचे आणि सासऱ्यांचे वाल सारखेच सरत आलेले. मी सरूच्या हातात, माझी बदामची बहीण खाली सगळ्यांच्या पानांत उघडी, म्हणजे सरूची तिर्रीची जोडी. शेवटचं पान उलटलं. सरू पास, प्रविण पास, दिशा पास. सरूच्या उजवीकडच्या हैबतरावांनी रुबाबात वाल लावला. हातात काही नसलं तरी लावतात ते! आता वाढवलं तर मधल्या दोघांना एकदम दोन लावावे लागतील, ते पळतीलच. पण सासऱ्यांवर कसं वाढवायचं, म्हणून ही बाई वाल नुसता बोटांत फिरवतेय! असा संताप आला मला! अगं, मर्यादा गेली खड्ड्यात, गाडी पकड!

"बाबा, आजून एक," सरू हळूच म्हणाली.

प्रविण-दिशाने पानं टाकली. हैबतरावांनी वाल घातला आणि पानं दाखवली. जोडी नाही, नुसता राजा!

"शाब्बास गो! आता येवढे वाल सोल नि जा."

ऐकलंत? जिंकूनही हेच!

सरूने पातेलं उचलून त्यांच्यापुढे ठेवलं. "कमी तुमचेच हायत, बाबा. दाणा तुटता नये हां. मी आईकडे चालले."

मित्रांनो, लहान पान आलं म्हणून तोंड वाकडं करू नका. कोण कुठे बसलाय ते बघा, आणि वेळ आली की समोर सासरा असला तरी वाढवा. हैबतराव मघापासून माझ्याकडे खाऊ की गिळू बघतायत. बघू देत. पातेलं अजून अर्धंही झालेलं नाय!