उलट्या पिळाचे साडेतीन मीटर

कालव्याचा बांध फुटला, बरोबर साडेतीन मीटर, आणि तो सुगतननेच फोडला. पण पंचायतीच्या अहवालात बांध फुटल्याचा उल्लेख नाही. त्यामुळे तो फुटलाच नाही असं धरून पुढे जाऊ.

सुगतन केरळातल्या आलप्पुळाकडचा, मागावर काथ्याच्या जाळ्या विणणारा. त्याची बायको कौमुदी सुंभ वळायची. सुंभ वळणारी बाई कमरेला काथ्या बांधून रहाटापासून मागे मागे चालत जाते. कौमुदी अशी एकतीस वर्षं मागे चालली आणि एकदाही कशाला धडकली नाही. पुढे तोंड करून गेली ती एकदाच, जिल्ह्याच्या दवाखान्यात. परत आली नाही.

ती डावखुरी, त्यामुळे तिच्या सुंभाला उलटा पीळ पडायचा. काथ्या सोसायटीवाले तो विकत घेत नसत. "दोर चांगलाय, पण बाकीच्यांत मिसळत नाही," म्हणायचे.

"मी तरी कुठे मिसळते," कौमुदी म्हणायची.

नाकारलेला तो सगळा सुंभ सुगतनने साठवला आणि ती आजारी पडल्यावर त्याची एक जाळी विणली. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

ती गेल्याच्या सोळाव्या दिवशी रीतीप्रमाणे घर धुतलं. त्याच दिवशी कालव्याच्या बांधाच्या कामावरच्या बाया बांधावर अंथरायच्या जाळ्या न्यायला आल्या. सुगतन पडवीत बसला होता. "सगळ्या न्या," म्हणाला. त्यांनी सगळ्या नेल्या. त्यांचं काय चुकलं?

कौमुदीच्या सुंभाची जाळीही त्यांतच गेली, हे महिन्याभराने त्याच्या लक्षात आलं. मग तो बांधावर गुडघ्यांवर रांगत, जाळी बोटांनी चाचपत निघाला. अंगठी हरवली असेल म्हणून चार माणसं मदतीलाही आली. पद्माक्षीचेचीच्या, म्हणजे गावाच्या पद्माक्षीताईच्या, भातखाचरासमोर त्याची बोटं थांबली. पीळ उलटा होता.

"काढता नाही येणार, चेट्टा," ओव्हरसियर शाइनी म्हणाली. "बांबूच्या खुंट्या ठोकल्यात, गवत पेरलंय. आणि काढायची कशाला? दोनेक वर्षांत कुजून मातीत जाईल. तोवर मुळं माती धरतात. तीच तर गंमत आहे या जाळीची."

"तीच गंमत," सुगतन म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी तेवढ्याच तुकड्यातलं गवत उपटू लागला.

"काय रे, पंचायतीच्या बांधाची हजामत करतोस?" पद्माक्षीचेचीने विचारलं.

"गवत तिला खातंय, चेची."

तिने जाळीकडे पाहिलं, मग बांधाच्या अलीकडच्या आपल्या भाताकडे पाहिलं. "मग माझी बदकं सोडू का? तुझ्यापेक्षा लवकर उपटतील." एवढं बोलून ती गेली, आणि तक्रार तिने कुणाकडेच केली नाही.

ऐन पावसाळ्यात, कर्किटक महिन्यात, कालव्याचं पाणी चढलं. बाकी सगळा बांध गवताने धरून ठेवला. त्या साडेतीन मीटरमध्ये धरायला काही नव्हतं. माती गेली, जाळी गेली, चेचीचं भात पाण्याखाली गेलं.

सुगतन गळाभर पाण्यात उतरला आणि दुपारी वीतभर सुंभ घेऊन वर आला. दोन्ही टोकं दोन चिमटींत धरलेली, कारण सोडली की पीळ उलगडतो. गाठ मारावी तर वीतभरातलं अर्धं गाठीतच जातं. तो तसाच बसून राहिला. संध्याकाळी चेची पेज घेऊन आली.

"आ कर."

"चेची, तुझं भात..."

"पुन्हा पेरेन. आ कर."

दोन दिवसांनी शाइनी आली. न फुटलेल्या बांधासाठी सुगतनवर कारवाई करता येत नव्हती, पण त्याने काहीतरी लिहून द्यावं, असं वरून आलं होतं. सुंभाची टोकं धरलेले त्याचे हात अजूनही मोकळे नव्हते. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. मध्ये एकदा तिचं पेन थांबलं, पण तिने खोडलं काही नाही.

"विषय: न फुटलेल्या बांधाची दुरुस्ती. सदर साडेतीन मीटरसाठी डाव्या हाताने वळलेला, उलट्या पिळाचा सुंभ पूर्वीच्याच बाईकडून मागवण्यात यावा. तिला येण्यास उशीर झाल्यास तोवर ती जागा रिकामी ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."