सतरा नंबरची ओळ

पपईच्या वीस वाणांची रोपं मुद्दाम आजारी पाडायची आणि कोण टिकतं ते बघायचं, यासाठी सरकार निरंजनला पगार देत असे. माले गावच्या शेडनेटमध्ये रोगट पानांचा रस कोवळ्या पानांवर बोटांनी चोळला, की तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून दोरीसारखी आकसत.

एकोणीस ओळी आकसल्या. सतरावी हिरवीगार राहिली.

सतरा हा निरंजनचा स्वतःचा संकर, नऊ वर्षांचा. दिवाळीत तो निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागेवर कोणीच येणार नव्हतं. स्वतःच्या वाणावर हात हलका पडेल, म्हणून तेवढी ओळ त्याने मजूर सारजाबाईंना चोळायला दिली होती. वरिष्ठांनी अभिनंदनाचा फलक छापला. त्यावर फोटो वरिष्ठांचा होता.

फोटोग्राफर यायच्या दिवशी निरंजन सकाळीच पोचला. कुंपणापाशी सारजाबाई शेळी पिळत होत्या. पदराला हात पुसून त्या तशाच आत निघाल्या.

"हात धुवा, सारजाबाई."

"साबण कुटं हाय? नुसती पाटी हाय, 'हात साबणाने धुवा' म्हणून."

"त्या दिवशी, रस चोळताना?"

"तवा बी अशीच आले हुते की. दूध काढून, सरळ."

निरंजन खाली बसला. दुधाचा हात लागला की हा विषाणू पानात शिरत नाही, हे तो प्रशिक्षणवर्गात चौदा वर्षं शिकवत होता.

"काय झालं, सायेब? माजं काय चुकलं का?"

"नाही. पण परत चोळावं लागेल. मी चोळतो."

गप्प बसणं सोपं होतं. लोकांनी एकरच्या एकर सतरा नंबर लावला असता आणि बागा रोगाने बसल्या असत्या त्या त्याच्या निवृत्तीनंतर. त्याने फोटोग्राफरला परत पाठवलं, घरून आणलेल्या साबणाने दोनदा हात धुतले आणि एकेक पान चोळलं. हात हलका पडला नाही.

विसाव्या दिवशी सतरावी ओळही आकसली.

सारजाबाईंनी एक पान तळहातावर घेतलं. "माज्या हाताखाली लई झ्याक हुती. तुमचा हात लागला न् गेली."

"व्हय," निरंजन म्हणाला.

त्या रोपं उपटायला वाकल्या.

"ऱ्हाऊ द्या. ही ओळ मी काढतो."