तळाशी उरलेलं मेण

मी काचेचा पेला बोलतोय. दमलोय, तेव्हा हळू आवाजातच ऐका. काम करून दमलो असतो तर तक्रार नव्हती हो. मी नुसता बसून बसून दमलोय.

भट्टीतून निघालो, माझ्यात मेण ओतलं, मधोमध वात रोवली. जोहान्सबर्गच्या एका दुकानातून फ्रेडानं मला घरी आणलं. तिचा मुलगा योसेल मोटरसायकलवरून पडून गेला, त्याला वर्ष होत होतं. आमच्या ज्यूंच्या घरात गेलेल्या माणसाच्या तिथीला दिवसरात्र मेणबत्ती जळते. मी जळलो. फ्रेडा शेजारी खुर्ची टाकून बसली होती.

मेणबत्ती विझली की पेला धुवायचा आणि वापरायला काढायचा, ही इथली रीत. कपाटात फ्रेडाच्या आईचा पेला आहे, सासऱ्यांच्या तीन तिथींचे तीन आहेत. पाणी, चहा, सरबत, सगळे कामाला लागलेत. मी मात्र आठ महिने खिडकीत. तळाशी मेणाचा थर, वर धूळ, त्यात एक मुंगी चिकटून मेलेली. शी!

काल तिची नणंद गिटेल आली.

"अगं वहिनी, हे काय? तुझ्या आईचा पेला तर दुसऱ्याच दिवशी घासलास!"

"आई ऐंशीची होती," फ्रेडा म्हणाली. "हा धुतला की संपलं गं सगळं."

"आणि नाही धुतला तर येणार आहे का तो?"

फारच लागट बोलली. मला वाटलं, आता जुंपणार. पण फ्रेडा उठली. तिनं गरम पाणी ओतलं. उकळतं नाही, तडकलो असतो. मेण सुटून वर आलं, निवल्यावर त्याची पांढरी चकती झाली. ती तिनं कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. मग मला साबणानं घासलं आणि घासता घासता मोठ्यानं रडली.

नंतर काळा चहा झाला, लिंबू पिळलेला. माझ्यात ओतून फ्रेडानं गिटेलपुढे ठेवला. "तू पी. मला नाही जमायचं."

गिटेलनं उचलला मात्र. "आई गं, भाजलं! धर, धर!"

फ्रेडानं मला झटकन फडक्यात धरलं आणि सवयीनं फुंकर घातली. मग एकदम थांबली. माझ्याकडे बघत राहिली, आणि एक घोट प्यायली.

"साखर कमी झालीय," ती म्हणाली. "योसेलनं तोंड वाकडं केलं असतं."

फ्रेडा, मी काच आहे, कधीतरी तुझ्या हातून फुटेनच. फुटू दे. तोवर सकाळचा चहा माझ्यात घेत जा.