फटफटीचं दावं

फटफटी विका म्हणून मीच डोकं खाल्लेलं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या ह्यांचा जीव त्या फटफटीत आणि माझा जीव ह्यांच्यात, मग घरात भांडण नाही तर काय होणार? नवऱ्याचं नाव घ्यायला मी काही इथं उखाणा घालत बसणार नाही. सासरा त्यांना राघो म्हणतो, तेवढं पुरे.

लढाई संपली आणि कल्याणच्या मिलिटरी कॅम्पातल्या गाड्या मोडीत निघाल्या, तेव्हा ह्यांनी दावणीची बैलजोडी विकून ते लोखंडाचं धूड कोलशेतला आणलं. ह्यांचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेलेला. पायानं दाबायचा ब्रेक जमणार कसा? तर ह्या पठ्ठ्यानं तो काढूनच टाकला. दोन्ही चाकांचा ब्रेक एका जाड तारेवर घेतला आणि ती तार आणून जोडली उजव्या हाताच्या मुठीला. बाजूला सोल्जर बसायचा पत्र्याचा डबा होता, तो फेकून सागाची पेटी ठोकली. त्या पेटीतून मिठाच्या गोणी गेल्या, सुके बोंबील गेले, बाळंतपणाला मी ठाण्याला गेले. गावाला कौतुक आणि माझ्या जिवाला घोर. हे दोनदा पडले हो! दुसऱ्यांदा डोकं फुटून आले आणि वर हसतायत. मी बोलले, "आता घरात ती तरी राहील नाहीतर मी. तुम्हाला उचलून आणायला मी काय रोज रस्त्यावर येऊ?"

शेवटी हे तयार झाले. गिऱ्हाईक मिळालं कल्याणचं, गुणाजी नावाचं. कॅम्पात ड्रायव्हर होता, आता दुधाचा धंदा. पेटीत दुधाच्या बरण्या बरोबर बसतात म्हणून खूश. सकाळी आला, ह्यांनी दाखवलं कुठं काय आहे ते, गावातून दोन फेऱ्या मारल्या, मुठीचा ब्रेक दाबून दाबून बघितला. बोलला, "राघोशेठ, असली गाडी अख्ख्या कल्याणात नाही." हे नुसते मान हलवत उभे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मन घट्ट केलं आणि दोघांना जेवायला बसवलं.

आता माझा सासरा. भिवा त्याचं नाव, जन्म गेला मिठागरात आणि बैलांमागं. बैल गेले तेव्हा वर्षभर लेकाशी धड बोलला नाही. मग हळूहळू फटफटीच त्याचा बैल झाली. येता-जाता तिच्या टाकीवर थाप मारायचा. दिवाळीच्या पाडव्याला तिच्या अंगावर गेरूचे ठिपके, गळ्यात झेंडूची माळ. भाकरीचा तुकडा तेवढा द्यायचा बाकी ठेवलेला. त्या दिवशी म्हातारा जेवायला आलाच नाही, अंगणात तिच्याजवळ बसून राहिला. मला वाटलं, बसू दे, डोळे भरून बघू दे.

जेवणं झाली. गुणाजी वर बसला, हे पेटीत. ठाण्याच्या कचेरीत गाडीवर गुणाजीचं नाव चढवायचं होतं म्हणून हेही निघाले. मी फटफटीवरून नारळ ओवाळून फोडला. धूर सोडत गेली ती ढोकाळीच्या रस्त्याला. सुटले बाई एकदाची, असं मोठ्यानं बोलले मी. अगदी मोठ्यानं.

नारळाची वाटी ठेवायला देव्हाऱ्यापाशी गेले आणि दचकून मागं सरले. आधी वाटलं नाग. देवापुढं वेटोळं घातलेलं, वर हळद-कुंकू, दोन फुलं. वाकून बघितलं तर तार. काळी, तेलकट, जाड तार. दर शनिवारी हे काढायचे आणि तिला तेल पाजायला माझ्याच हातात द्यायचे, मी नाही ओळखणार तर कोण?

"मामंजी!" मी किंचाळलेच. "हे काय आहे?"

"दावं गो," म्हातारा शांतपणे बोलला. "जनावर दिलं तरी दावं कुनी देत नाय. दावं गेलं का दावन रिकामी व्हते. आपल्या बैलांचं पन ठेवलंय नाय का मी?"

खरंच आहे, आमच्यात बैल विकतात ते दावं घरात ठेवून. गिऱ्हाइकानं आपलं आणायचं. पण ही तर ब्रेकची तार!

"कधी काढलीत?"

"ते जेवत व्हते तवा. राघो काढतो ना, तशीच काढली. तोडली नाय, मोडली नाय."

जेवत होते तेव्हा! मी आत आग्रह करून भाकरी वाढत होते आणि हा बाहेर... पुढं ढोकाळीचा उतार, उताराच्या तळाला वळण, आणि वळणावर ह्या वेळेला मिठाच्या बैलगाड्या. "मुडदा बशिवला तुमच्या दाव्याचा!" सासऱ्याला असं कधी बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले आणि पदर खोचून धावत सुटले.

म्हातारा तार घेऊन मागोमाग. "काय झालं गो? शालू, झालं काय?"

मी मागं वळून ओरडले, "तुमचा लेक मेला तर तुम्हीच मारलात!"

तो रस्त्याच्या मधोमध थांबला. मी थांबले नाही.

उताराच्या तोंडाशी पोचले तर खाली माणसं जमलेली. गाड्या उभ्या, बैल बिथरलेले. फटफटी रस्ता सोडून मिठागराच्या चिखलात उलटी, चाकं आभाळाकडं. पेटीच्या फळ्या इकडं-तिकडं. बांधावर गुणाजी बसलेला, तोंडातून रक्त. एकटाच.

"हे कुठायत?" मी धावत खाली जाऊन त्याला हलवलं. "अरे, बोल ना, हे कुठायत?"

त्यानं हात केला. फटफटीच्या पलीकडं दोन गाडीवान वाकलेले आणि त्यांच्यामध्ये हे, गळ्यापर्यंत चिखल, डावा हात कोपरातून भलतीकडं वळलेला. पण डोळे उघडे. माझ्याकडं बघितलं त्यांनी. मी रडायचं सोडून शिव्याच घालत सुटले, कुणाला ते देव जाणे.

"मूठ दाबली तर ढिली!" गुणाजी सगळ्यांना सांगत होता. "हातात काहीच लागेना. समोर बैल! मी डोळेच मिटले. राघोशेठनं पेटीतून अंग टाकलं नि हँडल चिखलाकडं ओढलं, नाहीतर आज आमची माती होती."

"तार तुटली असेल," हे बोलले. "जुनी होती. चूक माझी."

तेवढ्यात म्हातारा पोचला, धापा टाकत. हातात तार. कुंकू अजून तिच्यावर.

सगळे त्या तारेकडं बघत राहिले. गुणाजी उठला. "तू काढलीस? म्हाताऱ्या, मुद्दाम काढलीस?" आणि हात उगारून त्याच्या अंगावर गेला. मी आडवी गेले नाही. मला वाटलं, हाणावी ह्यानं एक.

"गुणाजी, हात खाली," हे बोलले. मग बापाकडं वळले. "बाबा, ब्रेक होता तो."

म्हाताऱ्यानं तारेकडं बघितलं, उलट्या फटफटीकडं बघितलं, लेकाच्या लोंबत्या हाताकडं बघितलं.

"आन ब्रेक म्हंजे काय रं?"

गुणाजीचा हात आपोआप खाली आला. इतकी वर्षं म्हातारा त्या पेटीत बसून मिठागरावर जात-येत होता. टाकीतून तेल कसं उतरतं, ठिणगी कुठं पडते, हे अख्ख्या गावाला सांगायचे हे. बापाला सांगायचं राहिलेलं. मला तर येत होतं सगळं, मीही कधी सांगितलं नव्हतं. म्हातारीकोतारी माणसं, त्यांना काय करायचंय, असंच धरून चाललेलो आम्ही.

ह्यांनी चांगला हात पुढं केला. बापाला आपलं मनगट धरायला लावलं. "असं दाबलं ना, का गाडी थांबते. बस, एवढंच."

"एवढ्यानं थांबते?"

"एवढ्यानं."

म्हाताऱ्यानं दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. नजर त्या चिखलातल्या चाकांवर. "थांबली का?" बोलला. "राघो, थांबली का रं?"

"थांबली बाबा, थांबली," हे सांगत होते, तरी तो सोडीना.