संपर्कासाठी पोतनीस

चहा झाला की विश्वजीत पोतनीस मेथी निवडायला बसत. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, निवृत्तीनंतर ते आपोआप त्यांच्या मांडीवर येऊन पडलं होतं. त्याआधी ते विद्यापीठाच्या पनवेलमधल्या विस्तार सेवा केंद्राचे समन्वयक होते. विद्यापीठाच्या भिंतीबाहेर, पनवेल-उरणच्या गावागावांत शिवणवर्ग, संगणकवर्ग, साक्षरतेचे वर्ग भरवायचे आणि ते भरवणाऱ्या माणसांची सोय बघायची, हे त्यांचं काम. कोणत्या गावात खोलीची किल्ली कोणाकडे असते, प्रवासभत्त्याचं बिल कोणत्या टेबलावर अडकून बसतं, सरपंचांना कधी फोन करू नये, सगळं तोंडपाठ. आता मेथीची काडी कुठवर मोडायची यावर शशिकलाबाईंशी मतभेद, एवढाच कारभार उरला होता.

निरोप समारंभात सगळ्यांचे डोळे भरून आले होते. सर, तुमच्याशिवाय केंद्रात पान हलायचं नाही, असं एकूण एक वक्त्याने सांगितलं. पोतनिसांनी ते खरं मानलं, हीच त्यांची चूक. दोन वर्षं झाली, पान मजेत हलत होतं. फोन यायचे ते क्रेडिट कार्डवाल्यांचे, नाहीतर सोसायटीत पाणी उशिरा येणार असल्याचे. नवीन पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावर बसून ते रोज फोन चार्ज करून ठेवत, आणि संध्याकाळी तो जवळजवळ तसाच भरलेला असे. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय, की मला कोणी काही विचारत नाही म्हणून मला करमत नाही?

त्या सोमवारी फोन वाजला तेव्हा हाताला मेथीची माती होती.

"पोतनीस सर ना? मी हरेश, केंद्रात नवीन लागलोय. सर, प्रवासाचं बिल महिन्याच्या महिन्याला द्यायचं की वर्ग संपल्यावर?"

"तुम्हाला माझा नंबर कोणी दिला?"

"सूचनापत्रात आहे ना, सर. अडचण आल्यास संपर्क, श्री. वि. ग. पोतनीस."

इथे, 'अहो, मी निवृत्त झालोय,' एवढं म्हणायचं होतं. वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. पोतनिसांनी माती लागलेला हात लेंग्याला पुसला आणि म्हणाले, "महिन्याच्या महिन्याला द्या. वर्ग संपेपर्यंत थांबलात तर मूळ तिकिटं मागतील आणि ती तुमच्याकडे नसतील."

"थँक यू, सर. तुम्ही आहात म्हणून बरं."

त्यांनी फोन ठेवला. आतून शशिकलाबाईंनी विचारलं, "कोणाचा होता?"

"ऑफिसचा," पोतनीस म्हणाले, आणि तो शब्द तोंडाला इतका गोड लागला की भाजी निवडायची राहिली ती राहिलीच.

हरेशकडून त्यांनी ते सूचनापत्र मागवून घेतलं. फोनवर उघडलं आणि भानगड काय आहे ते लगेच कळलं. कर्मचाऱ्यांसाठीचं हे पत्र दर सत्राच्या सुरुवातीला निघतं. हजेरी, सुट्ट्या, बिलं, गावोगावच्या वर्गांचे दिवस, सगळं त्यात असतं. पण ते कधीच नव्याने लिहिलं जात नाही. आधीची फाइल उघडायची, तारखा बदलायच्या, नावं बदलायची, की झालं. ही रीत पोतनिसांनीच घालून दिलेली, आणि भाविका लिपिक म्हणून लागली तेव्हा तिला ती त्यांनीच शिकवलेली. पोरीने या वेळी चुकून त्यांच्या काळातली फाइल उचलली होती. तारखा नव्या, वर्ग नवे, आणि तळाला नाव व नंबर मात्र पोतनिसांचा. आता तिथे समन्वयक म्हणून रेवा मॅडम होत्या. मॅडमनी न वाचता सही केली असणार. पोतनीसही कित्येकदा तशीच करत.

भाविकाला एक फोन करून सांगितलं असतं तर पाच मिनिटांत मिटलं असतं. उद्या करू, असं त्यांनी ठरवलं.

उद्या तीन फोन आले. परवा पाच. आजारी पडलेल्या शिक्षिकेच्या जागी कोणाला पाठवायचं, गव्हाणच्या वर्गाला पंखा कोण देईल, रविवारी काम केलं तर बदली रजा कधी. केंद्रातली जुनी माणसं आपापल्या ओळखीने काम भागवत, सूचनापत्र कोण वाचतंय. फोन करायची ती नवी मुलं, आणि पोतनीस कोण हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. पोतनीस सकाळी लवकर दाढी करू लागले. लेंगा जाऊन पँट आली. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा त्यांनी कोरे कागद आणि पेन ठेवून अडवला, तिथे भांडं ठेवलं की ते उचलून ओट्यावर नेऊन ठेवत. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. रात्री झोपही लागत होती.

शशिकलाबाईंनी चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी पोळी वाढताना म्हणाल्या, "तुम्ही आता तिथे नाही, हे सांगितलंत ना त्या पोरांना?"

"सांगणार आहे."

"त्यांचं काही अडलं तर?"

"अगं, मी सांगतोय ते सगळं बरोबरच आहे. वीस वर्षं काय भजी तळत होतो का?"

इतक्या दिवसांनी नवऱ्याचा आवाज असा चढलेला ऐकून खरं तर शशिकलाबाईंना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याचीच भीतीही वाटली.

मग हरेशचा फोन आला. जासईच्या शिवणवर्गाचं प्रमाणपत्र वाटप शुक्रवारी दुपारी. "सर, पत्रात नुसतं 'नेहमीच्या ठिकाणी' असं लिहिलंय. नेहमीचं म्हणजे कुठलं?"

नेहमीचं ठिकाण! पोतनिसांच्या डोळ्यांपुढे ते जसंच्या तसं उभं राहिलं. देवळामागचं समाजमंदिर, निळा दरवाजा, बाहेर आंब्याची सावली, बायका चपला काढून ओळीने ठेवत. तिथला पहिला वर्ग त्यांनी स्वतः सुरू केला होता. भामाबाईंनी शिवलेल्या पहिल्या ब्लाउजचे दोन्ही हात एकाच बाजूला लागले होते आणि सगळा वर्ग हसून लोटपोट झाला होता. त्यांनी हरेशला रस्ता समजावून सांगितला. नाक्यावरून आत, देवळाला वळसा, निळा दरवाजा. इतकं नीट सांगितलं की सांगून झाल्यावर त्यांना तिथे जावंसंच वाटायला लागलं.

शुक्रवारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट काढला.

"बोलावलंय का तुम्हाला?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"सहज चाललोय. लांबून बघून येईन."

त्यांच्या मागच्या खिशात रुमाल आहे ना, ते शशिकलाबाईंनी बघितलं.

पनवेलहून उरणची एसटी. गव्हाण फाट्यापासून न्हावा शेव्याच्या ट्रेलरांची रांग लागली आणि गाडी पावलापावलाने चालू लागली. पोतनीस खिडकीत बसून काय बोलायचं ते मनात जुळवत होते. कोणी आग्रहच केला तर दोन शब्द बोलू, जास्त नाही. जासई नाक्यावर उतरले, आत वळले, देवळाला वळसा घातला आणि उभे राहिले.

समाजमंदिर नव्हतं. आंबा नव्हता. पत्र्याचं उंच कुंपण होतं आणि त्याच्या आत एकावर एक रचलेले कंटेनर. फाटकाशी धुळीत एक तरुण उभा होता, पायाशी प्रमाणपत्रांचं खोकं आणि काखेत हारांची पिशवी. त्याच्या शेजारी गाडीत बसलेले पाहुणे घड्याळ बघत होते. आत जाणारा ट्रेलर त्या पोराला बाजूला हो म्हणून हॉर्न मारत होता.

"हरेश?"

"हो. तुम्ही?"

"मी पोतनीस."

पोराच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. "बरं झालं आलात, सर. मी तासभर शोधतोय. निळा दरवाजा कुठेय?"

काय सांगणार, निळा दरवाजा माझ्या डोक्यात आहे? एवढ्यात मागून हाक आली. भामाबाई होत्या, लगबगीने येत होत्या, घामाघूम.

"सर, तुमी? हितं काय करताव? आमी सगल्या शाळंत बसलोय कवाच्या. समाजमंदिर तं पाडलं, दीड वरीस झालं. तुमाला कोनी सांगितलं नाय?"

"नाही," पोतनीस म्हणाले. "मला कोणी सांगितलं नाही."

शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथे पोचेपर्यंत निम्म्या बायका निघून गेल्या होत्या. कंटेनरच्या गोदामात कामाला जाणाऱ्या, अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन, ठेवणीतली लुगडी आणि साड्या नेसून आलेल्या बायका, दुसरी पाळी चुकेल म्हणून त्याच साड्यांनी कामावर पळाल्या होत्या. पाहुण्यांनी उरलेल्यांच्या हातात घाईघाईने प्रमाणपत्रं दिली. गोदूबाई नावाच्या एका म्हातारीचं प्रमाणपत्र खोक्यातच राहिलं. "तिनं नातवाला पन आनला होता फोटो काडाया," भामाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच पोतनिसांना सोसवेना.

वर्गाबाहेरच्या पायरीवर त्यांनी हरेशला खरं ते सांगितलं. मी निवृत्त आहे, पत्रात चूक आहे, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"मग सांगितलं का नाही, सर?"

त्याला उत्तर देता आलं असतं. दोन वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं, तू विचारलंस. पण पंचविशीतल्या पोराला हे कळावं अशी अपेक्षा तरी कशी करायची. पोतनीस म्हणाले, "चुकलं माझं."

शनिवारी सकाळी भाविकाचा फोन आला. दोन वर्षांतला तिचा पहिला.

"सर, मला मॅडमनी शुद्धिपत्रक काढायला सांगितलंय. आणि मला मेमो मिळणार आहे."

"तुला का? पत्रात चूक तुझी, पण जासईचा गोंधळ माझा. तसंच लिही त्यात."

"तसं नाही लिहिणार मी. सर, तासभर झाला बसलेय. मला ते लिहिताच येत नाहीये. तुम्ही मजकूर सांगता का? असले मजकूर तुम्हीच सांगायचात."

पोतनीस टेबलाच्या कोपऱ्याशी बसले. शशिकलाबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या, त्यांनी नळ बंद केला.

"घे," ते म्हणाले. "वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, चालू सत्राच्या सूचनापत्रात संपर्कासाठी श्री. वि. ग. पोतनीस यांचे नाव व क्रमांक अनवधानाने छापले गेले आहेत. ते रद्द समजण्यात यावेत. पूर्णविराम. यापुढे सर्व अडचणींसाठी केवळ समन्वयक, श्रीमती रेवा मॅडम यांच्याशी संपर्क साधावा. मॅडमचं आडनाव घाल. जासई येथे झालेल्या गैरसोयीस श्री. पोतनीस यांनी दिलेली चुकीची माहिती कारणीभूत असून संबंधित लिपिकाचा त्यात दोष नाही."

"सर..."

"टाइप कर. पुढे. श्री. पोतनीस हे सेवानिवृत्त झाले असून त्यांचा या केंद्राशी आता काहीही संबंध नाही."

पलीकडे टाइप करायचा आवाज थांबला.

"सर, 'काहीही' नको घालायला. नुसतं 'संबंध नाही' पुरे."

"नको. मोघम ठेवलं तर परत कोणीतरी फोन करेल." त्यांनी टेबलावरचे कोरे कागद सारखे केले. "आणि मी उचलेन, भाविका. मला माझी खात्री नाही."

मग टाइप झाल्याचा आवाज आला.

"वाचून दाखव."

तिने वाचून दाखवलं. पोतनीस डोळे मिटून ऐकत होते. शेवटच्या वाक्याला ती अडखळली, पण तिने ते पुरं वाचलं.

"बरोबर आहे," पोतनीस म्हणाले. "मॅडमची सही घे आणि आत्ताच पाठव. अशा गोष्टींना उशीर करू नये."